बीपी मोजायला येणाऱ्या विहिणी

लग्नसराई जवळ आली, की आमच्या गावच्या उपकेंद्रात बीपी मोजून घेणाऱ्या बायका वाढायच्या. त्या आमच्या गावच्या नसत. कोणी देवळीकडच्या, कोणी सेलूकडच्या. ठेवणीतली साडी, खांद्याला पर्स, आणि तब्येत अशी की कापसाचं बोचकं एका हातानं उचलून बैलबंडीत टाकतील. इकडूनच चाललो होतो, म्हटलं बीपी पाहून घ्यावं, असं म्हणत स्टुलावर बसायच्या आणि बाही वर सारायच्या. पट्ट्यातली हवा सुटेस्तोवरही त्यांना धीर नसे. खालच्या आवाजात विचारणा व्हायची, की अमक्यांची पोरगी तब्येतीनं कशी आहे, तिला काही आहे-बिहे काय.

ही आमच्याकडची रीत. मुलीचं स्थळ पक्कं करण्याआधी मुलाकडची एखादी जाणती बाई गुपचूप गावात येऊन जाते. आधी किराणा दुकान, मग शाळा, मग शेजारीण. गावात उपकेंद्र झालं, नर्सबाई राहायला आली, तसा या वाटेवर एक थांबा वाढला. कोणाला रक्त कमी आहे, कोणाच्या गोळ्या किती महिने चालल्या, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

आणि ती नर्सबाई आमच्याच घरात भाड्यानं राहायची.

आमचं गाव वर्ध्याजवळच्या आंजीच्या थोडं पलीकडे, डांबरी रस्त्याला लागून. उपकेंद्र रस्त्याच्या एका बाजूला, आमचं घर दुसऱ्या बाजूला. घराला जोडून एक खोली होती, तिच्यात आम्ही जनावरांची ढेप आणि सरकी ठेवायचो. नर्सबाई खोली शोधत आली तेव्हा घरातले म्हणाले, परकं माणूस कशाला. मीच हट्ट धरला. मी तेव्हा पन्नाशीतली, म्हणजे अक्कल यायला अजून भरपूर अवकाश होता. लोकांना सांगितलं, एकटी बाई आहे, नवरा बाहेरगावी नोकरीला, तिला आधार देऊ. मनातला बेत निराळा होता. गावातली बातमी माझ्या ओसरीवर टेकल्याशिवाय पुढं जात नसे, असा माझा लौकिक. फक्त आजारपणाच्या बातम्या मला जरा शिळ्या मिळायच्या. आता त्या ताज्या, अगदी चुलीवरून उतरल्या उतरल्या मिळणार होत्या. खोलीला चुना मारून मी तिची वाट अशी पाहिली, जशी बायका टीव्हीवरच्या मालिकेची पाहतात.

मालिका काही सुरूच झाली नाही.

बाई नाचणगावची. अंगानं बारीक, चालणं भरभर, चहा बशीत ओतून फुर्र करून पिणारी. बोलायला मोकळी होती. पिकाबद्दल बोलायची, माहेरच्या म्हशीबद्दल बोलायची, नवऱ्याच्या घोरण्याची नक्कल करायची. उपकेंद्राचं नाव निघालं की मात्र त्या तोंडाला कुलूप लागायचं. मी कुलूप उघडायचे नाना उपाय केले. बेसनाच्या पातोडीचा रस्सा तिला जीव की प्राण, म्हणून वाटीभर रस्सा घेऊन जायचे आणि सहज म्हणायचे, आज दवाखान्यात लय गर्दी होती म्हणे. ती म्हणायची, होती. मी म्हणायचे, खोकल्याचे पेशंट असतीन. ती म्हणायची, असतीन. मग मी दुसरी युक्ती काढली. मुद्दाम चुकीची बातमी सांगायची आणि तिचा चेहरा वाचायचा. वरच्या आळीतल्या सुनेला दिवस गेले म्हणे, असं म्हणून मी तिच्या भुवयांकडे टक लावून बसायचे. भुवई हलायची नाही. ती बोट चाटून म्हणायची, "काकू, मीठ थोडं जास्त पडलं आज."

वर्षभरात तिनं माझ्याकडून पातोडी करायला शिकून घेतली. मला काही मिळालं नाही.

त्या बीपीवाल्या बायकांनाही तेच. ती त्यांचं बीपी नीट मोजायची, आकडा सांगायची, मीठ कमी खायला सांगायची, आणि मूळ प्रश्नाला एकच उत्तर द्यायची: "ज्याचं त्याले विचारा." याच्या पुढंही नाही, मागंही नाही. आमच्या शेजारची एक पोरगी होती, दणकट, जन्मात जिला सर्दी झाली नाही. तिची चौकशी आली तरी हेच. मी म्हटलं, अहो, या पोरीचं सांगायला काय झालं? तिला तर काहीच नाही. बाई हसली आणि कपडे वाळत घालायला गेली. मला वाटलं, बाई घमेंडी आहे. सरकारी नोकरी म्हणून ताठा. माणसं ओळखण्यात मी किती तरबेज होते, त्याचा हा नमुना.

तिच्या दुसऱ्या एका गोष्टीनं खरं तर मी तेव्हाच शहाणी व्हायला हवी होती. लसीकरणाचा दिवस होता. लसीचा डबा घेऊन येणारी गाडी वाटेत बंद पडली आणि उन्हात उभी राहिली. डबा पोचला तोवर बर्फाचं पाणी झालं होतं. कापसाची वेचणी सोडून बाया लेकरं घेऊन बसलेल्या. मी तिथं होतेच, मी कुठं नसायचे. डब्यात हात घालून मी निकाल दिला, पाणी अजून गार आहे, चालते. बाईनं एक कुपी उजेडात धरली. कुपीवर एक खूण असते, लस तापली की तिचा रंग बदलतो. तो बदलला होता. ती खूण आमच्यापैकी कोणाला कळत नव्हती. तिनं टोचलं असतं तर कोणाला पत्ता लागला नसता. ती उठून उभी राहिली आणि सगळ्या बायांना सांगितलं, की लस खराब झाली, आज टोचणार नाही, तुमचा दिवस मोडला त्याची माफी मागते. बाया तोंडावर बोलल्या तिला. ती ऐकून घेत राहिली. नवी लस आली तेव्हा बायांना परत बोलावलं नाही. मोठ्या दवाखान्यातल्या साहेबांची परवानगी काढून डबा घेऊन वावरावावरात गेली आणि बांधावर बसून लेकरांना टोचून आली. मी त्यावरही म्हटलं होतं, बाईला कामाची हौस फार.

मग आमच्या घरचीच गोष्ट आली.

माझ्या धाकट्या दिराची मुलगी. घर शेजारीच, मधे तुरीच्या काड्यांचं कुंपण. पदवी घेऊन वर्ध्याला नोकरीला जाऊन-येऊन करायची. तिनं बरीच स्थळं नाकारली होती. एकाचा आवाज आवडला नाही, एकानं पोहे खाताना मोबाईल पाहिला. शेवटी सिंदीचं स्थळ आलं. घरचं दुकान, कापसाचा व्यापार, मुलगा दुकानात बसणारा. तो पाहून गेला, दोघं फोनवर बोलायला लागले, आणि आमची पोट्टी भाकरी थापताना गुणगुणायला लागली. तिची आई म्हणाली, देवा, ही हो म्हणाली. दिवाळीनंतर साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, करायचं ठरलं.

त्याआधी हरतालिका आली. पोरीनं दिवसभर पाण्याचा थेंब घेतला नाही, रात्रभर जागरण केलं आणि सकाळी मैत्रिणींबरोबर गौर पाण्यात शिरवायला नदीवर गेली. मीही गेले होते. काठावर उभ्या उभ्या ती कोसळली. डोळे फिरले, हाताच्या मुठी आवळल्या. बायका ओरडायला लागल्या. तिथं वयानं मोठी मीच. मोठ्या बाईनं काहीतरी करावं लागतं. माझ्या सासूनं कधीकाळी कोणाला केलेलं पाहिलं होतं, ते मला आठवलं. मी पायातली चप्पल काढली आणि पोरीच्या नाकाला लावली. चप्पल पावसाळ्यातली, शेणाचिखलानं माखलेली. शुद्धीतलं माणूस बेशुद्ध पडावं असा तिचा वास. मी ती अशा थाटात धरून बसले होते, जशी मोठी डॉक्टरीण.

बातमी लागली तशी नर्सबाई धावत आली. पहिलं काम तिनं केलं ते माझी चप्पल बाजूला सारण्याचं. पोरीला कुशीवर वळवलं, पाय उचलून धरले, बायकांना मागं हटवलं. पोरगी शुद्धीवर आली तेव्हा मीठ-साखरेचं पाणी घोट घोट पाजलं. मग दिराला म्हणाली, वर्ध्याला नेऊन एकदा सगळं तपासून घ्या. आम्ही नेलं. मी बरोबर होते. डोक्याचं तपासलं, रक्त तपासलं. डॉक्टरांनी सांगितलं, रक्त थोडं कमी आहे, उपास आणि जागरणानं चक्कर आली, बाकी काही नाही. गोळ्या दिल्या, आणि पुढच्या हरतालिकेला निदान पाणी पी म्हणाले.

विषय तिथंच संपायला हवा होता. पण नदीवरच्या बायकांनी काय पाहिलं? चप्पल. आमच्याकडं नाकाला चप्पल लावतात ती मिरगीच्या माणसाला. म्हणजे पोरीला फिट येते. डॉक्टरांनी वर्ध्याला काय तपासलं ते तपासलं, गावात निदान माझ्या चपलेनं करून टाकलं होतं. ती चप्पल वाळायच्या आत फोनवरून बातमी सिंदीला पोचली.

मग एका सकाळी सिंदीच्या बाई, मुलाची आई, उपकेंद्राच्या दारात उतरल्या. बीपी मोजायला. मी अंगणातून पाहिलं आणि मला बरंच वाटलं. म्हटलं, आता नर्सबाई खरं काय ते सांगणार, आणि गावाची तोंडं बंद होणार. मी चहाचं आधणसुद्धा ठेवलं. सिंदीच्या बाई बाहेर आल्या त्या उतरलेल्या चेहऱ्यानं; त्यांनाही नेहमीचंच, ज्याचं त्याले विचारा, एवढंच मिळालं होतं. चहाला थांबल्या नाहीत. मग सिंदीहून फोन आला, साक्षगंध सध्या राहू द्या, थोडं थांबू.

थोडं थांबू म्हणजे काय, हे मुलीच्या घरात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. सिंदीचं स्थळ फिटच्या नावानं मोडलं, की दुसरं कोणी आमच्या दारात येणार नव्हतं. आणि पोरीचं मन तर तिथं बसलं होतं. तिनं भाकरी थापायचं सोडून दिलं. वर्ध्याहून यायची आणि भिंतीकडं तोंड करून पडायची.

दीर तणतणत आमच्या ओसरीवर आला. त्या बाईले सांगून दे, खोली खाली कर म्हणा, एक शब्द बोलली असती तर पोरीचं घर उभं राह्यलं असतं. मी दोन पावलं पुढं. मी खोलीत शिरले आणि सरळ विचारलं, "सिस्टर, आमच्या पोरीले काही नाई हे तुमाले माहीत आहे. मंग त्या बाईले सांगाले तुमची जीभ काऊन उचलली नाई?"

ती तांदूळ निवडत होती. ताट बाजूला ठेवलं.

"काकू, बसा. मी आज तुमच्या पोरीसाठी म्हणलं, काही नाई. उद्या दुसऱ्या एखाद्या पोरीची चौकशी आली, आन् तिच्यासाठी मी म्हणलं, ज्याचं त्याले विचारा. मंग ऐकणारी बाई काय समजन?"

तिनं ताटातला एक खडा उचलून बाहेर फेकला.

"चांगल्या पोरीचं बोलली आन् दुसरीच्या वेळी गप्प बसली, तर माझं गप्प बसणंच बोलते. म्हणून सगळ्याईले एकच. कायदाही हेच सांगते, पेशंटचं ते पेशंटचं. पण कायदा नसता तरी मी हेच केलं असतं."

आता कोणीही शहाणी बाई इथं विचारात पडली असती. मीही पडले, पण कोणत्या? ती दुसरी पोरगी कोण असावी, या. माझं मन आपोआप वरच्या आळीपासून घरं पाहत निघालं. पाटलांची नको, ती ठणठणीत. सुताराची? ती मागं महिनाभर मामाकडं गेलती. मी देवळापर्यंत पोचले होते, तेवढ्यात बाई म्हणाली, "काकू, घरं मोजणं बंद करा."

मी उठून आले. राग होताच, वर चोरी पकडल्याची शरम. मग मी अबोला धरला. तिला वाटी पाठवणं बंद. ती समोर आली की मी तुळशीकडं तोंड वळवायचे. पन्नाशीची बाई, आणि कट्टी घेऊन बसलेली. मग एका दुपारी तीच वाटी घेऊन आली. आतमधे पातोडीचा रस्सा, तिनं केलेला. मी म्हटलं, ठेवा तिथं. ती गेल्यावर खाल्ला. माझ्यापेक्षा चांगला झाला होता मेला. तो दुसरा अपमान.

इकडं दीर थांबला नव्हता. तो मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टर साहेबांकडं तक्रार घेऊन गेला. परत आला तो डोकं खाजवत. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं म्हणे, आणि म्हणाले, बाईनं सांगितलं असतं तर तुम्हाला तक्रार करता आली असती. सांगितलं नाही, याची तक्रार मी कशी लिहून घेऊ? वर चहा पाजून पाठवलं.

शेवटी पोरगीच उठली. एका रविवारी तोंड धुतलं, वेणी घातली आणि नर्सबाईच्या खोलीत गेली. दार लावून घेतलं. माझ्या स्वयंपाकघराची भिंत त्या खोलीला लागून. मी भिंतीला कान लावला नाही असं म्हणाले तर तुम्हाला हसू येईल. पण बाईनं कुकर लावून ठेवला होता. नेमकी माझ्यासाठीच, अशी एकेक शिटी देत होता. मला काही ऐकू आलं नाही. पुढचं पोरीनं स्वतःच सांगितलं, कुंपणापाशी उभी राहून.

तिनं बाईंना विचारलं होतं, माझं तुम्ही सांगू शकता काय? बाई म्हणाली, तू म्हणत असशील तर सांगीन. तुझं आहे, ते मोकळं करायचा हक्क तुझा. साहेबांकडून तसा कागदही मिळेल. मी आजच सिंदीला फोन लावते. म्हणजे इतके दिवस आम्ही ज्या शब्दासाठी डोकं फोडून घेत होतो, तो पोरीच्या तोंडून मागितल्याबरोबर समोर आला होता. आम्ही घरभर माणसं बाईशी भांडत होतो, आणि ज्या पोरीची ती गोष्ट, तिला कोणी विचारलंच नव्हतं.

पण पोरीनं तो लगेच घेतला नाही. तिनं विचारलं, आतापर्यंत कोण्या पोरीनं तुम्हाला असं सांगायला लावलं काय? बाई म्हणाली, हेही नाही सांगणार. तेव्हा पोरगी हसली म्हणे, कितीतरी दिवसांनी. मग तिनं विचारलं, मी तुमच्याकडून वदवून घेतलं, तर पुढं काय होईल? बाईनं जे वाटत होतं ते सांगितलं. पुढच्या पोरीला सासरकडचे म्हणतील, त्या पोरीसाठी नर्स बोलली, तुझ्यासाठी का नाही. पण ते ओझं तुझ्यावर नाही, हेही सांगितलं. तू तुझं पाहा. तुझ्या आयुष्याचा प्रश्न आहे.

"मंग काय ठरवलं?" मी विचारलं.

"मोठीआई, तब्येत माझी आहे. मीच सांगीन. त्यांच्या आईले बोलवा."

दिराला हे पटलं नाही. पोरीनं स्वतःच्या तोंडानं सांगायचं म्हणजे लोक काय म्हणतील? पण ती अडून बसली. फोन झाला. सिंदीची माणसं यायला तयार झाली. बहुधा मुलानं तिकडं जोर लावला असावा. दिरानं एक डाव टाकून पाहिला. नर्सबाईंना म्हणाला, तुम्ही काही बोलू नका, नुसत्या बैठकीत येऊन बसा. बाईनं हात जोडले. म्हणाली, "मी बसली म्हणजे ते पोरीचं ऐकणार नाईत, माझ्या तोंडाकडं पाहतीन." आणि त्या दिवशी सकाळीच डबा घेऊन लसीकरणाला पलीकडच्या वस्तीवर निघून गेली. जाताना पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला, एवढंच.

बैठक दिराच्या पडवीत. मुलाची आई, मामा आणि मुलगा. पोहे झाले, पावसापाण्याचं बोलणं झालं. मग पोरगी येऊन समोर बसली. पदर नाही, मान खाली नाही. तिनं जे झालं ते साध्या शब्दांत सांगितलं. पाणी न पिता उपास केला, रात्रभर जागले, चक्कर आली. वर्ध्याला सगळं तपासलं, रक्त कमी निघालं, त्याच्या गोळ्या चालू आहेत. फिट मला कधी आली नाही. याहून जास्त काही असतं, तरी मी तुमच्यापासून लपवलं नसतं.

मुलाच्या आईनं ऐकून घेतलं. त्यांचे डोळे मात्र हलले नाहीत.

"मंग चप्पल काऊन लावली?"

पोरगी म्हणाली, "ते मले माहीत नाई. मी तर बेशुद्ध होती. मोठीआईले विचारा, चप्पल तिची होती."

सगळी पडवी माझ्याकडं वळली. गावातल्या समद्या बातम्यांची मालकीण मी, आणि त्या घटकेला मी पदरानं पोह्यांची बशी पुसू लागले. काहीतरी बरं सांगावं असं मनात आलंही. समोर ती पोट्टी सरळ बसलेली पाहिली आणि तोंडातून खरंच निघालं. म्हटलं, बाई, मले काही समजलं नोतं. सासूनं कधी लावलेली पाहिली, म्हणून लावली. मोठी आहो, काहीतरी केलं पायजे म्हणून केलं. नर्स आली तिनं पहिले ती चप्पल फेकली. डॉक्टरचं निदान चुकलं नाई, माझ्या चपलेचं चुकलं.

मामा फिसकन हसले. मुलाची आई हसली नाही, पण त्यांनी पाठ भिंतीला टेकवली.

आता पोरीनं मुलाकडं पाहिलं. "तुमच्या घरून माझी चौकशी झाली. तुमची मी कोणाले विचारू?"

मुलगा लाजलेला. म्हणाला, "मलेच विचार. मले रक्त पाह्यलं की चक्कर येते. मागं आजोबाले रक्त द्याले गेलतो, तर सुई टोचायच्या आधीच मी खाली. आजोबा पलंगावरून विचारून राह्यले, पोराले काय झालं?"

आता सगळेच हसले. मुलाच्या आईनं त्याला डोळे वटारले, आणि मग त्यांचेच डोळे भरून आले. आम्हाला कळेना काय झालं. त्या म्हणाल्या, त्यांना एक लहान बहीण आहे. माहेरच्या गावी छातीचं दुखणं झालं होतं, औषधं घेऊन साफ बरी झाली. पण तिथल्या एका दवाखान्यातला कंपाउंडर बोलका होता. ज्यानं विचारलं त्याला सांगत गेला. स्थळं येत गेली आणि वेशीवरून परत जात गेली. बहीण अजून माहेरीच आहे, भावाच्या घरी भांडी घासते.

"मले त्या कंपाउंडरचा इतका राग," त्या म्हणाल्या, "आन् मीच इथं बीपी मोजून घेऊन तुमच्या नर्सले तेच विचारत होती. तिनं नाई सांगितलं तर मले तिचाच राग आला. ती आमच्या गावात असती, तर माझ्या बहिणीचं घर झालं असतं."

दीर खाली मान घालून सुपारी कातरत राहिला. मग मुलाच्या आईनं पोरीला जवळ बोलावलं, हात हातात घेतला आणि भावाला म्हणाल्या, दादा, पंचांग काढा.

दुपारी नर्सबाई परत आली. ऊन लागून चेहरा काळवंडलेला, खांद्याला डबा. दीर उठून फाटकापर्यंत गेला, तिच्या खांद्यावरचा डबा काढून घेतला आणि काही न बोलता आत आणून ठेवला. पोरगी पेढे घेऊन पुढं आली. बाईनं पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, "कायचा गं?"

जशी काही तिला कशाचीच कल्पना नव्हती. पोरीनं सांगितलं, तारीख ठरली. बाईनं तिला जवळ घेतलं, आणि तिच्या ओढणीला लसीच्या बर्फाचं पाणी लागलं.

मला कुठं राहवते. मी म्हटलं, सिस्टर, आता तर सगळं ठरलं. आता तरी म्हणा, की पोरीले काही नाई हे तुमाले पहिल्यापासून माहीत होतं.

ती पेढा चघळत माझ्याकडं पाहत राहिली, त्या न हलणाऱ्या भुवयांनी.

"तिनं सांगितलं न, काकू? मंग झालं."

आणि दुसरा पेढा उचलून हातपाय धुवायला विहिरीकडं गेली.